फुगवायच्या मॅटचं पंक्चर काढताना

रात्री टणक फुगवलेली मॅट पहाटे जमिनीला टेकली, की बहुतेकांचा हात आधी गोंदाकडे जातो. घरात जो सापडेल तो गोंद लावायचा, वर चिकटपट्टी मारायची, झालं. अशा दुरुस्त्या पहिल्याच घडीत सुटतात. त्याहून वाईट म्हणजे चुकीचा गोंद एकदा बसला, की त्यावर बरोबर गोंदही धरत नाही. प्रत्यक्ष चिकटवायला दहा मिनिटं पुरतात. छिद्र शोधायला तासभर जातो आणि गोंद पक्का व्हायला अख्खा दिवस. एवढा वेळ हाताशी नसेल तर आज काम काढू नका.

१. आधी पंक्चर आहे का ते बघा

तोंडाने फुंकलेली हवा अंगाच्या उष्णतेची असते. ती गार झाली की आकसते आणि मॅट ढिली पडते. रात्रीत तापमान ३० अंशांवरून १० वर आलं, तर आतली हवा साधारण पंधराव्या हिश्शाने कमी जागा व्यापते. ६० लिटर हवा मावणाऱ्या मॅटमध्ये म्हणजे तब्बल ४ लिटरचा फरक. एवढ्यावर कंबर जमिनीला लागू शकते, आणि छिद्र मात्र कुठेच नसतं.

म्हणून परीक्षा घरातच घ्या. मॅट फुगवा, अर्धा तास तशीच ठेवा, हवा गार झाली की पुन्हा भरून टणक करा. मग वर सारखं वजन ठेवून आठ तास सोडा. उन्हाचा कवडसा, पंखा, एसी यांपासून लांब.

तासा-दोन तासांत सपाट झाली, तर छिद्र बहुधा कानाला ऐकू येण्याएवढं असतं. सकाळपर्यंत हळूहळू बसली, तर सुईच्या टोकाएवढं छिद्र किंवा वॉल्व्ह. नुसतीच जराशी मऊ पडली, तर काही करू नका. झोपण्याआधी दोन फुंकर जास्त मारत जा.

२. कापड ओळखा, गोंद त्यानंतर

पंक्चर नीट निघणार की नाही, हे इथेच ठरतं.

हलक्या, गुंडाळून बाटलीएवढ्या होणाऱ्या मॅट बहुतेक नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या असतात. आतून त्यांना टीपीयूचा, म्हणजे लवचीक पॉलियुरेथेनचा थर असतो. बाहेरून हात फिरवला की विणीचे धागे लागतात. आपोआप फुगणाऱ्या, आत फोम असलेल्या मॅटही बऱ्याचदा याच जातीच्या. यांना पॉलियुरेथेनचा लवचीक गोंद लागतो. हा गोंद शिवणी जलरोधक करण्यासाठी म्हणून विकला जातो: पारदर्शक, मधासारखा घट्ट, सुकल्यावर रबरासारखा ताणला जाणारा.

जाड, जड, रबरी वाटणाऱ्या आणि नव्या असताना प्लास्टिकचा उग्र वास येणाऱ्या गाद्या पीव्हीसीच्या, म्हणजे व्हिनाइलच्या. पाण्यातली खेळणी, स्वस्त एअरबेड, बऱ्याच उशा याच प्रकारातल्या. त्यांना व्हिनाइल सिमेंट लागतं. त्यातलं द्रावक पीव्हीसीचा वरचा थर विरघळवतं, आणि पॅच व गादी एकमेकांत मुरतात. टीपीयूच्या मॅटसाठी हे सिमेंट नाही.

लेबल सापडलं तर प्रश्नच मिटला. ते वॉल्व्हजवळ किंवा पिशवीच्या आत शिवलेलं असतं.

आता न वापरायचे गोंद:

- सायकलच्या ट्यूबचं सोल्यूशन. ते रबरासाठी बनलेलं असतं. टीपीयू रबरासारखं दिसतं, पण रबर नाही. पॅच बसल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या रात्री कडेने उचलतो.
- सुपरग्लू. काचेसारखा कडक होतो. मॅट गुंडाळली की तडकतो आणि तडकलेल्या कडा कापडाला नवी भोकं पाडतात.
- नळजोडणीचं पीव्हीसी सिमेंट. नाव तेच, काम वेगळं. ते कडक पाइपसाठी असतं आणि कडकच सुकतं.
- सुतारकामाचा फुगणारा पॉलियुरेथेन गोंद. नावात पॉलियुरेथेन आहे म्हणून फसायला होतं. तो सुकताना फेसाळतो, आणि त्या फेसातून हवा निघून जाते.
- बाथरूमचं सिलिकॉन. सगळ्यांत घातक हेच. मॅटला धड चिकटत नाही आणि सोलून काढलं तरी मागे असा थर सोडतं की त्यावर नंतर कुठलाच गोंद बसत नाही.

३. लागणारं सामान

- कापडाला जुळणारा गोंद, लहान ट्यूब
- पॅच: मॅटबरोबर आलेले, किंवा त्याच जातीच्या कापडाचे तुकडे
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं सुती फडकं
- भांडी घासायचा पातळ साबण, स्पंज, टब किंवा मोठं घमेलं
- पाण्याने न पुसला जाणारा मार्कर
- टूथपिक, कात्री, बटर पेपर
- मॅटपेक्षा जरा अरुंद फळी आणि वर ठेवायला पाच-सात किलो वजन

अल्कोहोलच्या जागी हात धुवायचं जेल चालत नाही. त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं. काही सर्जिकल स्पिरिटमध्ये एरंडेल असतं, तेही नको. आणि नेलपेंट काढायचं अ‍ॅसिटोन तर लांबच ठेवा, ते कापडाचा थरच खराब करू शकतं.

४. छिद्र शोधणं

वॉल्व्हपासून सुरुवात करा. शोधायला सगळ्यांत सोपी जागा तीच, आणि तिथे गोंद लागत नाही. मॅट भरा, वॉल्व्ह बंद करा आणि तेवढाच भाग पाण्याच्या वाडग्यात बुडवा. तोंडातून बुडबुडे आले तर बऱ्याचदा आतल्या सिलिकॉनच्या पातळ झडपेवर वाळूचा कण, केस किंवा लोकरीचा धागा अडकलेला असतो. झडप अलगद उचलून ओल्या कापडाने पुसली की काम भागतं. फिरवून बंद होणाऱ्या वॉल्व्हमध्ये रबरी वायसर असतो. तो तडकला असेल तर बदलावा लागतो. बुडबुडे वॉल्व्ह आणि कापड यांच्या सांध्यातून येत असतील तर मात्र ते गोंदाचं काम आहे.

वॉल्व्ह निर्दोष निघाला, तर मॅट शक्य तितकी टणक भरा. जमिनीकडची बाजू आधी तपासा, काटे आणि खडे तिथूनच घुसतात. एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर साबण घोळा आणि स्पंजने हातभर पट्टा ओला करा. मग दुसऱ्या टोकाची मॅट गुडघ्याखाली दाबा, म्हणजे आतला दाब वाढतो. बारीक छिद्रावर साबणाचा फेस लगेच उठत नाही. दहा-पंधरा सेकंद थांबा. टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसतो, तो हळूहळू मोहरीएवढा होतो, फुटतो आणि त्याच जागी पुन्हा उगवतो. तेच छिद्र.

साबणाने सापडलं नाही तर टब. वॉल्व्ह घट्ट बंद करून मॅटचा एकेक भाग पाण्याखाली दाबा. सुरुवातीला सगळीकडेच बुडबुडे दिसतील. ती कापडाच्या विणीत अडकलेली हवा असते. हाताने पुसून टाका आणि पाणी स्थिर होऊ द्या. पुसल्यावरही एकाच जागेवरून ओळीने वर येत राहतात ते खरे.

आत फोम किंवा पिसं असलेली मॅट बुडवताना जपून. छिद्र मोठं असेल तर दाब सुटताच पाणी आत ओढलं जातं, आणि भिजलेला फोम सुकायला आठवडा घेतो. अशा मॅटला साबणाचा स्पंजच बरा.

खूण करताना छिद्रावर ठिपका देऊ नका, मार्करची शाई गोंदाच्या आड येते. छिद्राच्या चारही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटरवर चार लहान रेघा मारा, अशा की मनातल्या मनात जोडल्या तर छिद्रावर फुली पडेल. पुसापुशीतही या रेघा टिकतात.

एक छिद्र सापडलं की थांबायचा मोह होतो. थांबू नका. काटा आरपार गेला असेल तर बरोबर समोरच्या बाजूला दुसरं असतं. काट्याच्या झुडपाशेजारी झोपलेल्या मॅटला चार-पाच सापडणंही नवलाचं नाही. पूर्ण मॅट तपासून झाल्यावरच पुढे जा.

५. धुणं, सुकवणं, पुसणं

जो साबण छिद्र दाखवतो, तोच गोंदाला धरू देत नाही. साध्या पाण्याने दोनदा धुवा. मॅट उभी करून, वॉल्व्ह उघडा ठेवून, सावलीत अर्धा दिवस सुकवा. हात लावून कोरडी वाटली तरी विणीत ओल असू शकते.

मग खुणांच्या मधली जागा अल्कोहोलने पुसा. फडकं मागेपुढे घासू नका. आतून बाहेर एकदा ओढा आणि कोरी बाजू घ्या. फडक्यावर मळ यायचा थांबेपर्यंत असं करत राहा. घामाचं तेल, सनस्क्रीन, डास पळवायचं क्रीम हे सगळं कापडात मुरलेलं असतं. आधी कुणी चिकटपट्टी लावली असेल तर तिचा चिकटा पूर्ण निघायला हवा.

एअरबेडची वरची बाजू मखमली असेल तर आणखी एक काम. ती लव गादीला अलगद चिकटवलेली असते. पॅच लवेवर लावलात तर तो लवेसकट निघून येतो. पॅच बसेल तेवढ्या जागेवरची लव बारीक सँडपेपरने हलक्या हाताने काढा, खालचं गुळगुळीत प्लास्टिक दिसेपर्यंत. जास्त घासलं तर दुसरं छिद्र पडेल.

६. सुईएवढं छिद्र: नुसता गोंद

टीपीयूच्या मॅटवर एक मिलिमीटरपर्यंतच्या छिद्राला पॅच लागत नाही. मॅट सपाट पसरा, हवा काढा, पण वॉल्व्ह उघडाच ठेवा. बंद राहिला तर खोलीतल्या थोड्याशा उष्णतेनेही आतली हवा फुगते, ओल्या गोंदातून बुडबुडा काढते आणि मधोमध नवं भोक ठेवून जाते. दुरुस्ती करूनही गळतंय असं होतं, तेव्हा बरेचदा कारण हेच असतं.

मसुराएवढा थेंब छिद्रावर ठेवा. टूथपिकच्या बाजूने तो दीड-दोन सेंटिमीटरच्या गोलात पसरवा आणि विणीत चोळा. बाहेरून कापड उघडं असतं, गोंद धाग्यांत उतरला तरच पकडतो. नुसता वर बसवलेला थेंब नंतर खवल्यासारखा निघतो. थर पातळ हवा, मधोमध किंचित जाड.

मोठ्या छिद्रात दुसराच धोका असतो. गोंद आत झिरपून समोरच्या थराला चिकटतो आणि मॅटचे दोन्ही पापुद्रे कायमचे जोडले जातात. छिद्र डोळ्यांना सहज दिसत असेल तर मॅटमध्ये थोडी हवा राहू द्या, थर सुटे राहतील एवढीच. वॉल्व्ह तरीही उघडा.

७. मोठं छिद्र किंवा चीर: पॅच

पॅच गोल किंवा लंबगोल कापा. चौकोनी पॅच कोपऱ्यापासून उचलतो. छिद्राच्या सगळ्या बाजूंनी किमान अडीच सेंटिमीटर कापड जास्त हवं. पॅचची खालची बाजूही अल्कोहोलने पुसा आणि नंतर तिला बोट लावू नका.

पॉलियुरेथेनचा गोंद असेल तर मॅटवर पातळ थर द्या, पॅच एका कडेकडून दुसरीकडे हळूहळू टेकवत आणा म्हणजे खाली हवा अडकत नाही, आणि चमच्याच्या पाठीने मधून बाहेर दाबा. कडेला बाहेर आलेला गोंद पुसू नका. तोच बोटाने पॅचच्या कडेवर पसरवा. त्यावर बटर पेपर, फळी आणि वजन.

व्हिनाइल सिमेंटची रीत ट्यूबवर वाचा. काही लगेच दाबायची असतात, तर काही दोन्ही बाजूंना लावून काही मिनिटं, बोटाला चिकट लागेपर्यंत, उघडी ठेवायची असतात. या दुसऱ्या प्रकारात घाई केली तर द्रावक पॅचखाली अडकतं आणि फोड येतात. वास उग्र असतो. खिडकी उघडी हवी, जवळ शेगडी पेटलेली नको.

चीर दोन-तीन सेंटिमीटरहून लांब असेल तर कडा आधी एकमेकींना नीट भिडवा, एकावर एक चढवू नका. फट राहिली तर हवेचा सगळा जोर पॅचवर येतो. एवढी लांब चीर टिकेलच याची हमी नाही. अशी मॅट आधी घराजवळच्या मुक्कामाला न्या.

८. कडेचा सांधा आणि टेंगूळ

कडेच्या जोडातून हवा जात असेल तर पॅच बसवायला सपाट जागाच नसते. इथे एक युक्ती चालते. फटीवर गोंद ठेवा, टूथपिकने आत ढकला आणि वॉल्व्हला तोंड लावून थोडी हवा ओढा. गोंद फटीत खेचला जातो. एकदा-दोनदा पुरे.

टेंगूळ मात्र वेगळी गोष्ट. मॅटच्या आत वरचा आणि खालचा थर जोडणाऱ्या पट्ट्या असतात. त्यातली एखादी सुटली की मॅटवर फुग्यासारखा उंचवटा येतो. हवा कुठूनही जात नाही, पण झोपता येत नाही, आणि शेजारच्या पट्ट्याही एकेक करून सुटायला लागतात. हे घरी दुरुस्त होत नाही. वॉरंटी असेल तर तिकडे बघा. फुगवलेली मॅट उन्हात किंवा बंद गाडीत ठेवणं हे याचं नेहमीचं कारण.

९. वाट पाहणं आणि परीक्षा

पॉलियुरेथेनचा गोंद हवेतली ओल घेऊन पक्का होतो. ८ ते १२ तासांत तो हाताला चिकटेनासा होतो, पण मॅट २४ तास फुगवू नका, गुंडाळूही नका. थंड आणि कोरड्या हवेत आणखी वेळ द्या. हीटर, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र यांनी तो लवकर होत नाही, फक्त बुडबुडे येतात.

दिवसभरानंतर अर्धी हवा भरा, दुरुस्तीवर साबणाचं पाणी लावा. ठीक असेल तर पूर्ण भरून पहिल्या टप्प्यातली आठ तासांची परीक्षा पुन्हा घ्या. गुंडाळण्याआधी सुकलेल्या गोंदावर चिमूटभर टाल्कम पावडर चोळा, नाहीतर तो घडीतल्या कापडाला चिकटून बसतो.

१०. मुक्कामावर, रात्रीच्या अंधारात

इथे टब नाही आणि चोवीस तासही नाहीत. मॅट टणक भरा, आसपासचा आवाज बंद करा, ओला गाल किंवा ओठ कापडापासून दोन बोटांवर धरून सरकवत न्या. निसटणारी हवा ओल्या कातडीला गार लागते. हाताच्या तळव्यापेक्षा ओठ कितीतरी लवकर ओळखतो.

सापडली की जागा अल्कोहोलच्या पुडीने पुसा आणि कोरडी होऊ द्या. हवा काढून कापड सपाट करा. ट्रेकिंगच्या कपड्यांना लावायची पारदर्शक चिकटपट्टी गोल कापून बसवा आणि चमच्याने मिनिटभर रगडा. थंडीत चिकटा कडक होतो, म्हणून पट्टी आधी पाच मिनिटं काखेत धरा. लावल्यावर जमेल तेवढी, निदान अर्धा-पाऊण तास, मॅट रिकामी ठेवा. मग थोडी कमीच भरा.

डक्ट टेप एका रात्रीपुरता चालतो. घरी आल्यावर त्याचा काळपट चिकटा काढताना मात्र त्या रात्रीची किंमत कळते.

११. बाकीचं सामान

हवेच्या खांबांवर उभ्या राहणाऱ्या तंबूत कापडी बाहीच्या आत वेगळी फुगवायची नळी असते. चेन उघडून ती बाहेर काढता येते आणि पुढचं सगळं मॅटसारखंच. परत घालताना नळीला पीळ पडला नाही ना ते बघा, पीळ पडलेल्या जागी ती फुटते.

साध्या तंबूच्या कापडाला भोक पडलं तर त्याच चिकटपट्टीचा तुकडा लावून बघा. धरली तर पॉलियुरेथेनचा थर आहे, पट्टी किंवा तोच गोंद चालेल. घसरून पडली तर सिलिकॉनचा थर आहे. मॅटला जे विष, तेच इथे औषध: शुद्ध सिलिकॉनच लागतं, दुसरं काही चिकटत नाही. काही कापडांना बाहेरून सिलिकॉन आणि आतून पॉलियुरेथेन असतं. तिथे आतून दुरुस्त करा.

ड्राय बॅगचं, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या पिशवीचं, छिद्र अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावली की ताऱ्यासारखं चमकतं. त्यानंतर मॅटचीच रीत.

पिसांच्या जॅकेटमधून पीस डोकावलं तर उपटू नका. एक पीस दुसऱ्याला ओढून आणतं आणि भोक रुंदावतं. कापडाच्या आतल्या बाजूने चिमटीत धरून ते मागे खेचा, भोकाभोवती नखाने हलकं खरवडा. धागे पुन्हा जवळ येतात. फाटलं असेल तर गोल चिकटपट्टी. गोंद नको, तो पिसांच्या गुठळ्या करतो.

उरलेल्या गोंदाचं काय? उघडलेली पॉलियुरेथेनची ट्यूब कपाटात ठेवली तर हवेतल्या ओलीने दोन-तीन महिन्यांत आतच दगड होते. हवा दाबून काढा, झाकण घट्ट लावा, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. पुन्हा वापरताना ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर तोंडाशी दव धरतं आणि गोंद तिथूनच सुकायला लागतो. प्रवासाला मात्र न उघडलेली छोटी ट्यूबच न्या.